दौलत थूल आणि मी न दिलेली साक्ष

बातमी पोस्टकार्डानं आली. बाभुळगावच्या शाळेत मधल्या सुट्टीत शिपायानं ते माझ्या हातात दिलं, तेव्हा त्याचा एक कोपरा फाडलेला होता. कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे मरणाची खबर, आपल्याकडे असं कार्ड आलं की माणूस वाचायच्या आधीच खाली बसतो. मीही बसलो. अक्षर उशिरा लिहायला शिकलेल्या माणसाचं होतं, एकेक अक्षर सुटं, काना-मात्रा जपून दिलेल्या. ‘थूल मास्तर गेले. आज नऊ दिवस झाले. तुम्हाला कळवा असं ते बोलले नव्हते. मी कळवत आहे. सुमन थूल, मुकुटबन.’ एवढंच. घंटा झाली. मला सातवीला पानिपत शिकवायचं होतं, ते मी शिकवलं. कोण कुठून चालून आलं, कोण कुठे अडकून पडलं, सगळं नेहमीसारखं फळ्यावर काढलं. वर्ग सुटल्यावर खडूचे हात धुताना लक्षात आलं की कार्डावरचं तिसरं वाक्य मी तासभर मनात म्हणतो आहे... तुम्हाला कळवा असं ते बोलले नव्हते.

दौलत थूल हे नाव वाचकांना माहीत असायचं काही कारण नाही. ते इंग्रजीचे शिक्षक होते, आणि तेही जेमतेम तीन वर्षं. मारेगावपासून चार कोसांवरच्या एका गावात तेव्हा नवीन हायस्कूल निघालं होतं. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, त्याचं कारण पुढे येईल. मी तिथे इतिहास शिकवत होतो. इंग्रजीला मास्तर टिकत नव्हता. छप्पन्न साली नागपूरला दीक्षा झाली, त्यानंतर दीडेक वर्षानं थूल आमच्याकडे आले. नागपुरात बी.ए. झालेले, उंच, हाडकुळे, रंगानं चांगलेच काळे, आणि आवाज असा की कुजबुजले तरी तीन बाकांपलीकडे ऐकू जावं. अर्जातल्या धर्माच्या रकान्यात त्यांनी ‘बौद्ध’ असं ठळक लिहिलं होतं. ते पाहून हेडमास्तर जरा चाचरत म्हणाले, “लिहिलं ते ठीक आहे, पण गावाला समजायला थोडा वेळ लागेल.”

“गावाला समजलंच आहे, सर,” थूल म्हणाले. “काल तीन घरं पाहिली. तिन्ही घरं भाड्यानं द्यायची नाहीत, असं आज सकाळी कळलं.”

शेवटी ते आणि त्यांची बायको सुमन बौद्धपुऱ्यातच दोन खोल्यांत राहिले. शाळेत शिक्षकांच्या खोलीत माठ होता, आणि शिपाई सगळ्यांना पेला भरून द्यायचा. थूलांना मात्र तो वरून ओंजळीत पाणी घालू लागला. एक दिवस ते तसे प्यायले. दुसऱ्या दिवसापासून घरून फिरकीचा पितळी तांब्या आणू लागले. कोणी काही बोललं नाही. मीही नाही. मला ते दिसलं होतं, एवढं मात्र खरं.

अकरावीला जलद वाचनाचं एक पुस्तक होतं. त्यात इंग्रजीतली एक जुनी शोकांतिका गोष्टीच्या रूपात दिली होती, बारा-तेरा पानांत. आधीचे मास्तर ती दोन तासांत उरकायचे आणि शब्दार्थ लिहून द्यायचे. थूलांनी तिच्यावर दोन महिने घालवले. त्यांच्याकडे कॉलेजातलं मूळ नाटक होतं, वेष्टण गेलेलं, खाकी कागदात शिवलेलं. ते वर्गात त्यातून वाचायचे, मग पुस्तक छातीशी धरून आमच्या वऱ्हाडीत सांगायचे. गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण तिच्यावाचून पुढचं कळणार नाही. गोऱ्या लोकांच्या राज्यात एक काळा परका सेनापती असतो. लढाया तोच जिंकून देतो. एका बड्या घरची मुलगी बापाला न विचारता त्याच्याशी लग्न करते. सेनापतीच्या हाताखालचा एक माणूस, वरची जागा दुसऱ्याला मिळाली म्हणून जळणारा, हळूहळू त्याच्या कानात विष ओततो की तुझी बायको तुझी राहिलेली नाही. पुरावा काय, तर एक रुमाल. तो रुमाल बायकोच्या हातून पडलेला असतो. तिची दासी तो उचलते आणि आपल्या नवऱ्याला, म्हणजे त्याच जळक्या माणसाला, देते. सेनापती रुमालावर विश्वास ठेवतो, बायकोवर ठेवत नाही. तिचा जीव घेतो, आणि खरं कळल्यावर स्वतःचाही.

आमच्या दोन वर्गांच्या मधे बांबूच्या तट्ट्याची भिंत होती. पलीकडे थूल शिकवायला लागले की माझी दहावी मान वळवून बसायची. “लढाई आली का, या साहेब, बसा साहेब. अन् लगन म्हटलं का, तू कोन रे? कोन्या पुऱ्यातला?” पलीकडचा वर्ग हसायचा आणि मधेच गप्प व्हायचा. समुद्र आमच्यापैकी कोणीच पाहिला नव्हता. तर त्यांनी पैनगंगेचा पूर सांगितला. पूर आल्यावर काठावर उभं राहून वाट पाहणारी माणसं सांगितली. मला आठवतं, मी इतिहास शिकवायचं सोडून ते ऐकत उभा राहिलो होतो, आणि ऐकता ऐकता मनात काहीतरी आंबट झालं होतं. आठ वर्षं मास्तरकी करून एकाही मुलानं माझ्या तासाला असा श्वास रोखला नव्हता.

मुलं भांडायची, दोष कोणाचा म्हणून. कोणी म्हणे सेनापतीचा, कोणी म्हणे त्या जळक्याचा. थूल सगळ्यांना बोलू द्यायचे. एकदा म्हणाले, “हे पाहा, आपण हिच्या लायकीचे नाही, असं त्या सेनापतीले आतून आधीच वाटत होतं. ते त्याच्यात कोनं घातलं? त्या जळक्यानं नाही. साऱ्या गावानं घातलं, लहानपनापासून. जळक्यानं फक्त काडी लावली.” मग कोणीतरी विचारलं, तो जळका असं का वागतो? “कारण शोधू नका. तो स्वतःच दर वेळी नवं कारण सांगते. हेव्याले कारण लागत नाही, निमित्त लागते.”

त्या वर्गात चारच मुली होत्या. त्यांच्यातली एक संस्थेच्या अध्यक्षांची मुलगी. हुशार, तोंडाळ, सरळ उभं राहून विचारणारी. ती म्हणाली, “सर, त्या दासीचं काहीच नाही का? रुमाल तिनंच उचलला. मालकीण सारं घर शोधून राह्यली होती, तवा हिले माहीत होतं. मंग ती बोलली काहून नाही?”

मग थूलांचा आवाज आला. “बोलली ना. मालकीन मेल्यावर बोलली. अन् जीव देऊन बोलली. पन आधी नाही, कारन तिले वाटलं, एवढीशी गोष्ट आहे.”

त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात हेच नाटक करायचं, असं मुलांनीच ठरवलं. दरवर्षी ड्रॉइंगचे मास्तर पौराणिक नाटक बसवत. मुकुट, गदा, पडदे, सगळं त्यांच्या ताब्यात असे. हेडमास्तरांनी या वर्षी थूलांना संधी दिली, आणि ड्रॉइंगच्या मास्तरांनी हसून “करा की” म्हटलं. ते हसू मी जवळून पाहिलं होतं. थूलांनी नाटकाचं वऱ्हाडी रूपांतर एका जाड वहीत लिहून काढलं. सेनापतीचं काम करणारा मुलगा तसा उजळ होता. ड्रॉइंगचे मास्तर म्हणाले, याला तव्याचं काजळ फासावं लागेल. थूल म्हणाले, “कायले? आपल्या गावात गोरं आहे कोन? पावडर लावायचीच तर बाकीच्यायले लावा.” सगळे हसले. ड्रॉइंगचे मास्तर हसले नाहीत.

सेनापतीच्या बायकोचं काम कोणी करायचं, हा प्रश्न होता. मुलगाच उभा करायचा, असं थूलांच्या मनात होतं. पण अध्यक्षांची मुलगी अडून बसली की ते काम मीच करणार. थूलांनी दोनदा नाही म्हटलं. मग ती वडिलांना घेऊनच शाळेत आली, आणि अध्यक्ष कौतुकानं म्हणाले, “करू द्या मास्तर, पोरीची हौस आहे.” त्या संध्याकाळी थूल माझ्याकडे आले. “राऊत सर, एक मागणं आहे. तालमीले तुम्ही रोज बसा. मी एकटा नको. दारं-खिडक्या उघड्या ठेवू, पन तुम्ही पाहिजेच.” मी हो म्हटलं. मला बरंही वाटलं, कारण त्यांनी इतर कोणाला विचारलं नव्हतं.

तालमी शाळा सुटल्यावर उन्हं कलेपर्यंत चालत. मी खुर्ची टाकून दाराशी बसे. नाटकातला रुमाल सुमनवहिनींनी भरून दिला होता. मूळ नाटकात रुमालावर कुठलंसं तांबडं विलायती फळ आहे. ते कसं असतं हे थूलांनाही धड सांगता येईना, तेव्हा वहिनींनी लाल बोरं भरली, आणि कोपऱ्यात स्वतःच्या नावातलं ‘सु’ काढलं. एवढं एकच अक्षर तेव्हा त्यांना येत होतं. एका सोमवारी थूल कामासाठी वणीला गेले होते. “तुम्ही तालीम घ्या,” असं मला सांगून गेले. त्या दिवशी जळक्याचं काम करणाऱ्या मुलाच्या हातून रुमाल अंगणातल्या चिखलात पडला. मी तो उचलला आणि अध्यक्षांच्या मुलीला म्हटलं, “घरी नेऊन धुऊन आण, इस्त्री करून.” तिनं तो वहीत ठेवला. या गोष्टीला मिनिटभरही लागलं नसेल.

गुरुवारी दुपारी मला हेडमास्तरांच्या खोलीत बोलावणं आलं. अध्यक्ष खुर्चीत बसले होते, चेहरा लाल झालेला. शेजारी ड्रॉइंगचे मास्तर उभे होते, खाली पाहत. थूलही उभे होते. टेबलावर तो रुमाल होता, धुतलेला, चार घड्यांचा. मुलीच्या वह्यांत तो घरच्यांना सापडला होता. मास्तरच्या घरचा, मास्तरच्या बायकोच्या हातचा, नावाचं अक्षर असलेला. आणि ड्रॉइंगच्या मास्तरांनी अध्यक्षांच्या घरी जाऊन काय काय सांगितलं, ते मला पुढे कळलं. ते इथे लिहिण्यासारखं नाही. मुलीनं घरी खरं तेच सांगितलं होतं, की राऊत सरांनी धुवायला दिला. तिला मार बसला होता.

अध्यक्षांनी मला विचारलं, “राऊत सर, एकच सांगा. हा रुमाल पोरीले तुम्ही देल्ला का?”

माझी नेमणूक त्या उन्हाळ्यात कायम व्हायची होती, आणि ती अध्यक्षांच्या सहीनं व्हायची होती. हे एक. दुसरं मी आजपर्यंत कोणाला सांगितलं नाही. त्या क्षणी भीतीच्या खाली कुठेतरी तट्ट्यापलीकडचा तो वर्ग होता, श्वास रोखून बसलेला. दोन्हींतलं कोणतं मोठं होतं, ते मला अजून सांगता येत नाही.

मी म्हणालो, “मला नक्की आठवत नाही.”

थूलांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. वर्गात एखादा हुशार मुलगा सोपं उत्तर चुकला की ते तसं पाहायचे. “आठवून पाहा, सर,” ते हळूच म्हणाले. “सोमवार होता. मी वणीले गेलतो.”

“तालमीत किती वस्तू इकडच्या तिकडे होतात...” मी म्हणालो. “मी काय सांगू?”

“ठीक आहे,” थूल म्हणाले. अध्यक्ष बरंच बोलले. आम्ही हौसेनं वर घेतलं, तर हे डोक्यावर चढले, अशा अर्थाचं. हेडमास्तर पेपरवेट फिरवत राहिले. घंटा झाली तेव्हा थूल म्हणाले, “माझा तास आहे,” आणि सरळ अकरावीत गेले. मी माझ्या वर्गात आलो. तट्ट्यापलीकडे त्यांनी त्या दिवशी व्याकरण शिकवलं. कर्तरी वाक्याचं कर्मणी. एकाही मुलानं प्रश्न विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला, म्हणजे लिहून घेतला गेला. जाताना मिळालेल्या दाखल्यावर शेवटी एक ओळ होती, ‘वर्तणूक समाधानकारक म्हणता येत नाही.’ त्या एका ओळीनं पुढे त्यांना चार शाळांच्या दारातून परत पाठवलं. नागपूरचा बी.ए., आणि इंग्रजीला मास्तर मिळत नाही म्हणून जिल्हाभर ओरड होती, तरीही. संमेलन व्हायचं ते झालं, पौराणिक नाटक झालं, मुकुट आणि गदा झळकल्या. मुलीचं नाव शाळेतून काढलं, आणि त्याच वैशाखात पुसदकडच्या एका बिजवराशी तिचं लग्न लावून दिलं. जूनमध्ये माझी नेमणूक कायम झाली. पुढे तीन वर्षांनी मी बदली मागून बाभुळगावला आलो. लोकांना सांगितलं, हवा मानवत नव्हती.

त्यांच्याशी माझी भेट त्यानंतर एकदाच झाली, दोनेक वर्षांनी, वणीच्या मोटार स्टँडवर. भर दुपार होती. एक माणूस समोरून आला, आणि आधी मला तो म्हाताराच वाटला. केस पांढरे, भुवया पांढऱ्या. जवळ आल्यावर दिसलं की ती रुई होती. ते हंगामात तिथल्या एका कापसाच्या जिनात गाठी दाबायच्या कामावर होते, आणि हंगाम संपला की सासुरवाडीला, मुकुटबनला, मिळेल ते करत. मला पाहून थांबले. खोकले, आणि म्हणाले, “राऊत सर! अकरावीचा निकाल कसा लागला यंदा?” मी सांगितला. त्यांनी तीन-चार मुलांची नावं घेऊन विचारलं, कोण पुढे शिकतं, कोण घरी बसलं. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या बौद्धपुऱ्यातल्या तीन मुलांपैकी दोघे पास झाल्याचं ऐकून ते इतके हसले की पुन्हा खोकला लागला. मी म्हणालो, “थूल सर, त्या दिवशी...”

“गाडी सुटून राह्यली तुमची,” ते म्हणाले, आणि माझी पिशवी उचलून त्यांनी खिडकीतून माझ्या हातात दिली.

रुईच्या धुळीनं त्यांची छाती धरली. शेवटच्या वर्षी दहा पावलं चालवत नव्हतं. वय एक्केचाळीस.

कार्ड आल्यावर मुकुटबनला जायला मला तीन आठवडे लागले. रजा नव्हती असं नाही. रोज सकाळी ठरवायचो आणि रोज काहीतरी काम काढायचो. शेवटी गेलो. घर लहान होतं, कुडाचं, सारवून स्वच्छ केलेलं. सुमनवहिनींनी मला ओळखलं. चटई टाकली, चहा दिला. मग स्वतः दाराच्या उंबऱ्याशी बसल्या. मी सांत्वनाचं जे जे बोलायचं ते बोललो. ते संपल्यावर त्या म्हणाल्या, “तुमाले एक दाखवतो, चला.”

घरामागे चार बल्ल्यांवर जुन्या पत्र्यांचं एक छप्पर होतं. खाली जमीन बसून बसून गुळगुळीत झालेली. तिथे थूल दर रविवारी दुपारी वाचन करत. जिनातली माणसं येत, बौद्धपुऱ्यातल्या बाया येत, जवळच्या पोडावरचे, म्हणजे आदिवासी पाड्यावरचे, दोन-चार कोलाम येत, एक-दोन कुणब्यांची घरंही येत. त्या जाड वहीतलं नाटक त्यांनी तिथे पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, एकदा नाही, तीनदा. तिथला कायदा असा की कोणीही, केव्हाही, वाचणाऱ्याला थांबवून विचारायचं, आणि उत्तर मिळाल्याशिवाय पुढे जायचं नाही. त्यामुळे एकेका पानाला रविवार जाई. वहिनी तिथेच वाचायला शिकल्या. शेवटच्या वर्षी थूलांचा श्वास पुरेना, तेव्हा वहिनी वाचत आणि ते भिंतीला टेकून ऐकत. चुकलं की नुसतं बोट वर करत.

“ते पोरगीबी येऊन गेली,” वहिनी म्हणाल्या. “परसालच्या उन्हाळ्यात. इकडं कोनाच्या लग्नाले आलती. दोन लेकरं घेऊन आली, इथंच बसली. मनाली, सर, मी खरं सांगतलं होतं, कोनी ऐकलं नाही. तर हे मनाले, मले माहीत होतं, बाई. मंग ते लय रडली.”

मी विचारायला नको होतं. तरी विचारलं, “माझ्याबद्दल काही बोलायचे का?”

वहिनींनी माझ्याकडे नीट पाहिलं. “नाव नाही ठेवलं कधी. मी चिडली का मनत, राऊत सर भेले, एवढंच. मानूस भेते.” मग त्या म्हणाल्या, “पन मले सांगा भाऊजी, भेनं एका दिवसाचं असते. सात वर्सं कोनी भेते का?”

त्यांनी उत्तरासाठी वाट पाहिली, हे मला सांगितलं पाहिजे. घाईनं विषय बदलला नाही, पदर डोळ्याला लावला नाही. वाट पाहिली. मग म्हणाल्या, “मले काही नको. तुमचं पेपरात लिहिलेलं छापून येते, मी वाचलं हाये. तर हे लिहा. यायचं नाव घालून लिहा, अन् तुमचंबी घाला. गावाचं नाव नका घालू. त्या पोरीचं माहेर हाये तिथं.”

परतीच्या वाटेवर मी त्या गावी उतरलो. अध्यक्ष आता अंथरुणाला खिळलेले आहेत, माणसं ओळखत नाहीत. निवृत्त हेडमास्तर घरी होते. त्यांना म्हटलं, तो दाखला दुरुस्त करून द्यायला सांगा, मी लेखी देतो. ते म्हणाले, “राऊत, मेलेल्या माणसाचा दाखला कोन दुरुस्त करते? तो घेऊन कोन्या शाळेत जानार आहे तो?” पुढे जरा मायेनं म्हणाले, “कायले उकरता जुनं? तुमची पेन्शन जवळ आली.” पेन्शनीला मला अजून पुष्कळ वर्षं आहेत. त्यांना तसं वाटलं, इतका मी आता म्हातारा दिसत असेन.

तेव्हा आता इथेच लिहितो. दौलत थूल यांनी तो रुमाल कोणाला दिला नाही. त्या दिवशी ते गावातच नव्हते. रुमाल मी दिला, मी, वामन राऊत, आणि विचारलं तेव्हा मला तो सोमवार, तो चिखल, तिनं वही उघडून रुमाल ठेवला तो विषय, भूमितीची वही होती ती, सगळं लख्ख आठवत होतं. नाटकातल्या माणसांचा न्याय करणं सोपं असतं, त्यांच्याकडे पाच अंक असतात आणि शेवटी सगळ्यांना सगळं कळतं. आमच्याकडे तसं काही झालं नाही. कोणी ओरडून खरं सांगितलं नाही. एक माणूस गाठी दाबत राहिला, एक इतिहास शिकवत राहिला, आणि एका मुलीनं पुसदकडे संसार केला.

हा लेख छापायचं संपादकांनी कबूल केलं, तेव्हा मी वहिनींना पत्र टाकलं की अंक पोस्टानं पाठवतो. चार दिवसांत उत्तर आलं, त्याच सुट्या अक्षरात. पोस्टानं नका पाठवू. घेऊन या. रविवारी पत्र्याखाली सगळे बसतात, तुम्ही समोर बसा, मी वाचून दाखवीन. आणि खाली, जागा संपत आली म्हणून बारीक करून लिहिलं होतं, लोक मधे थांबवून विचारतील, तयारीनं या.

तयारी कसली करायची ते मला कळलेलं नाही. हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा मी त्याची एक प्रत पिशवीत घालून वणीच्या गाडीत बसलेला असेन. दुपारी तीनला वाचन सुरू होतं.